बाराखडीचं चाक

परभणीत कॉलेजला असताना हाती आलेल्या पहिल्या बटणांच्या मोबाईलमध्ये टी-नाईन होतं. एरवी ‘सी’ हे अक्षर उमटवायला दोनचं बटण तीनदा दाबावं लागे. टी-नाईनमध्ये अक्षरागणिक एकदाच दाबायचं. शब्द कोणता, ते फोन आपल्या कोशातून हुडकून काढी. सिॲटलच्या टेजिक कंपनीचं हे तंत्र, अमेरिकन पेटंट १९९८ सालचं. ते घडवणाऱ्यांपैकी क्लिफ कुशलर त्याआधी बोलू न शकणाऱ्यांसाठी संवादाची साधनं बनवत. हे वाचल्यापासून मला त्या युक्तीबद्दल फार आदर वाटतो.

पण कोश इंग्रजीचा. आम्ही पोरं रोमन अक्षरांत मराठी लिहायचो. ‘आई’साठी २-२-४ दाबलं की पडद्यावर ‘बॅग’ येई, कारण दोन्ही शब्दांची बटणं तीच! पुढे देवनागरीची सोय झाली, तर एका एसएमएसमध्ये १६०ऐवजी ७०च चिन्हं मावत, आणि काना-मात्राही त्यातच मोजल्या जात.

गंगाखेडजवळच्या आमच्या गावात आईला यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. चौथी शिकलेली, पोथी घडाघडा वाचणारी बाई. पण फोनपुढे निरक्षर ठरली होती. याचा मला राग यायचा, अजूनही येतो.

मग तिच्या फोनवर ‘स्वरचक्र’ घातलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा मोफत कळफलक २०१३च्या सुमारास आला. त्यात व्यंजनं वर्णमालेच्याच क्रमानं लावलेली. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चाक उघडतं, हव्या त्या बाजूला बोट सरकवायचं. ‘क’चा पाय मोडला की पुढच्या अक्षरांच्या जागी क्य, क्र, क्ल अशी जोडाक्षरं तयार दिसतात. आईला वेगळं काही शिकावंच लागलं नाही, कारण बाराखडी तिला शाळेपासून पाठ होती.

“कापूस फुटलाय. येऊन जाय.” हा तिचा पहिला मेसेज.

आता सगळे बोलूनच निरोप धाडतात. तेही चांगलंच. पण लिहिलेलं आई पुन्हा पुन्हा वाचते, चुकलेली वेलांटी दुरुस्त करते, खाली स्वतःचं नाव घालते. बोललेल्या निरोपात तिला हे करता येत नाही. म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवाजाचा मेसेज पुरे, असं परस्पर ठरवू नका. त्यांच्या फोनवर मराठी कळफलक लावून द्या आणि तासभर शेजारी बसा.