आईच्या वाट्याची गादी

आमच्या भागातील कोणत्याही घरी जा, माळ्यावर किंवा मोठ्या पेटीवर एक चांगली गादी गुंडाळून ठेवलेली दिसते. तिला धुतलेली खोळ असते, वरून जुने लुगडे टाकलेले असते आणि मुलांना तिच्यावर चढण्याची सक्त मनाई असते. ती पाहुण्यांची गादी. गावच्या सणाला मुंबईहून येणारा भाचा, लग्नाची बोलणी करण्यास येणारी मंडळी, ह्यांच्यासाठी ती राखलेली असते. त्या खालोखालची गादी घरधन्याची, त्यानंतरची मुलांची; आणि जी गोळे होऊन विटली, जिच्या टाक्यांतून कापूस डोकावू लागला, ती घरातील म्हातारीची. कोणी ठरवून असे करीत नाही. म्हातारी स्वतःच ती मागून घेते.

आमच्या घरीही हीच रीत होती. आमची आई त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पहाटे उठताना ती प्रथम कुशीवर वळे, मग पलंगाची कड धरी आणि दाराच्या चौकटीचा आधार घेत ताठ होई. आम्ही ते रोज पाहत होतो आणि रोज स्वतःशी म्हणत होतो, वय झाले. खानापूर तालुक्यात पाऊस किती पडतो, हे वाचकांना सांगावयास नकोच. त्या चार महिन्यांत कापसाची गादी दमट होते व जड होते. ऊन मिळत नाही, म्हणून ती फुलतही नाही. आई त्याच गादीवर निजत होती, आणि आम्ही तिच्या कंबरेला तेल लावीत होतो. गादीकडे मात्र आमचे लक्षच गेले नाही.

एका रविवारी मिस्सा आटोपून घरी येत असता चौकात एक टेम्पो उभा दिसला. कर्ण्यावरून पुकारा चालला होता : कारखान्यातून थेट, निम्म्या किमतीत, वर दोन उशा फुकट. आम्ही हाताने दाबून पाहिले तो गादी लोण्यासारखी मऊ. साडेतीन हजारांवरून बावीसशेला सौदा तुटला. आईसाठी आपण काही केले, ह्या समाधानात आम्ही ती गादी डोक्यावरून घरी आणली.

आईने नकार दिला. म्हणाली, “अरे, बाळ येशूला गवत पुरले. मला ही जुनी गादी पुरते. ही ठेव पाहुण्यांना.”

आम्ही म्हणालो, “आई, त्या रात्री मरियेपाशी दुसरे काही असते, तर तिने बाळाला गवतावर निजवले असते काय?”

ह्यावर ती काही बोलली नाही व नव्या गादीवर निजू लागली. कशी आहे म्हणून विचारले, तर “चांगली आहे” एवढेच म्हणे. सात-आठ महिन्यांनी एका रात्री आम्ही पाणी पिण्यास उठलो तेव्हा पलंग रिकामा दिसला. आई खाली जमिनीवर सतरंजी अंथरून, हाताची उशी करून निजली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या मंडळींनी तिला विश्वासात घेऊन विचारले तेव्हा समजले, की दोन महिन्यांपासून हे असेच चालले होते. गादी मध्यभागी इतकी खचली होती, की कुशीवर वळताना खड्ड्यातून बाहेर पडावे लागे. “पोराने हौसेने आणली, त्याला कशाला सांगायचे?” असे तिचे म्हणणे.

त्या गादीची शिवण उसवून पाहिली. वर बोटभर जाडीचा फोम होता. त्याखाली फोमचे रंगीबेरंगी तुकडे, चिंध्या आणि सामान बांधण्याचा फाटका स्पंज. बिल नव्हते, पत्ता नव्हता, टेम्पोचा क्रमांकही आम्ही पाहिलेला नव्हता. पैसे गेल्याचे दुःख झालेच. परंतु आपल्या स्वस्ताईच्या हौसेपायी आई दोन महिने थंड जमिनीवर निजली, ही गोष्ट अधिक लागली.

मग सल्ले देणारे पुष्कळ भेटले. कोणी म्हणाले, कंबरदुखीला फळी उत्तम. कोणी म्हणाले, जितकी महाग गादी तितकी चांगली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी मात्र आईला तपासून सांगितले, की फळीही नको व लोणीही नको, मधले पाहा. पुढे आमच्या वाचनात आले, की स्पेन देशात जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर असा एक प्रयोग झाला होता आणि तो २००३ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना कठीण गाद्या दिल्या, काहींना मध्यम कठीण. कोणाला कोणती मिळाली, हे त्यांना कळू दिले नव्हते. नव्वद दिवसांनी पाहता मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडलेला आढळला. कठीण अंथरूण म्हणजे पाठीला औषध, ही आमची पिढीजात समजूत तेथे सुटली.

ह्या खेपेस आम्ही घाई केली नाही. प्रथम गाद्यांच्या जाती समजून घेतल्या. आपली जुनी कापसाची गादी मुळीच टाकाऊ नव्हे. ती हवा खेळती ठेवते आणि पिंजून पुन्हा भरता येते. दुसरी कोणतीही गादी अशी पुन्हा तरुण होत नाही. दोष एवढाच, की ती दबते, गोळे धरते आणि पावसाळ्यात ओल ओढते. सावरीचा कापूस हलका व मऊ असतो. त्याचे तंतू सूत काढण्याजोगे नसतात म्हणून तो उशांत भरतात, परंतु अंगाच्या भाराला तो फार दबतो. काथ्याच्या गादीत नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून त्याचे थर बनवितात. ती बसकी होत नाही, तिच्यातून वारा जातो आणि किंमतही आवाक्यात असते. मात्र ती दुमडली किंवा गुंडाळली तर आतील थर मोडतात, आणि नेवारीच्या खाटेवर टाकली तर मध्ये वाकते. तिला सपाट फळ्याच हव्यात.

फोमची गादी घेताना बोटाने दाबून पाहणे व्यर्थ आहे. तिची घनता विचारावी. दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात, त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचे वजन ३२ किंवा ४० किलो. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे; ती टिकाऊपणाची खूण होय. अंगाचा आकार धरून ठेवणारा ‘मेमरी फोम’ अमेरिकेच्या ‘नासा’ ह्या अवकाश संस्थेसाठी १९६६ साली विमानातील आसनांकरिता प्रथम तयार झाला. तो सुखकर खरा. परंतु अंगाची ऊब धरून ठेवतो आणि त्यात रुतलेल्या म्हाताऱ्या माणसाला कूस बदलणे जड जाते. स्प्रिंगच्या गाद्यांत हवा चांगली खेळते, पण हलक्या मालाच्या स्प्रिंगा लवकर बोलू लागतात. निव्वळ रबराच्या चिकाची गादी पुष्कळ वर्षे टिकते; तिची किंमत मात्र आमच्यासारख्यांना पेलणारी नव्हती.

नंतर पलंगाचे माप घेतले. आईच्या लग्नातील तो सागवानी पलंग आतून लांबीला ७२ इंच व रुंदीला ३६ इंच भरला. मापावाचून गेलो असतो, तर ७५ इंचांची गादी घेऊन परतलो असतो. उंचीही मोजली, आणि तेथे एक गोष्ट ध्यानी आली. पाच इंचांची गादी त्या पलंगावर पडली, की आईचे पाय जमिनीला टेकणार नाहीत. म्हाताऱ्या माणसाला पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळवे भुईला पुरते टेकता आले पाहिजेत. नाहीतर रात्री उठताना तोल जाण्याची भीती. पलंगाचे पाय तीन इंच कापावे लागणार होते. आईच्या डोळ्यांत पाणी आले. तो पलंग बाबांनी स्वतः लाकूड निवडून करविला होता. ती थोडा वेळ पायावरच्या नक्षीवरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, “वरची नक्षी ठेव, खालचे काप.” सुताराने तसेच केले.

ह्यानंतर आम्ही आईलाच बेळगावला घेऊन गेलो. हाच ह्या सर्व हकिकतीतील शहाणपणाचा भाग, आणि तो सुचावयास आम्हाला एक गादी वाया घालवावी लागली. खडे बाजाराच्या बाजूस एका दुकानात शिरलो. दुकानदाराने आमच्याकडे पाहून गाद्या दाखविण्यास आरंभ केला. आम्ही म्हणालो, “निजणार ह्या आहेत, ह्यांना दाखवा.” आई लाजली. चारचौघांत, परक्या दुकानात, भर दुपारी आडवे व्हायचे! शेवटी दुकानदाराच्या घरातील एक वृद्ध बाई बाहेर आल्या. “या माई, मीही बसते,” म्हणून त्यांनी आईचा हात धरला आणि पंखा लावला. आई चपला काढून, पदर सावरून एका गादीवर टेकली.

दोन मिनिटे बसून गादी कळत नाही. निदान दहा मिनिटे, आणि आपण घरी निजतो त्याच कुशीवर पडावे. आईला उताणे निजवून आम्ही तिच्या कंबरेखाली तळहात सरकवून पाहिला. हात सहज आरपार गेला, तर गादी फार कठीण. मुळीच शिरेना, तर फार मऊ. थोडा अडखळत गेला, तर ठीक. पहिली नापास झाली, दुसरीही झाली. तिसरी काथ्याची होती, वर एक इंच फोमचा थर, जाडी पाच इंच. तीवर आई डाव्या कुशीवर वळली. आम्ही दुकानदाराशी घनतेबद्दल बोलत राहिलो. काही वेळाने वळून पाहतो तो आईला झोप लागलेली. त्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केले. कित्येक महिन्यांत आम्ही तिचा चेहरा इतका सैल पाहिला नव्हता. दुकानात सर्वांत महाग गादी तिच्या तिपटीची होती. आईच्या कंबरेने तिला विचारलेही नाही.

किंमत सहा हजार आठशे झाली. ह्या खेपेस पक्के बिल घेतले आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घालून घेतली. हमीपत्रातील बारीक अक्षरे तेथेच वाचावी. किती इंच खचल्यास गादी बदलून मिळते, डाग पडल्यास हमी राहते की जाते, ने-आणीचा खर्च कोणाचा, हे तेव्हाच विचारावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला आहे. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ ह्या दूरध्वनी क्रमांकावर सल्लाही मिळतो. परंतु हातात बिलच नसेल, तर कायद्याने तरी काय करावे?

घरी आणल्यावर गादीवरचे प्लास्टिक काढून टाकले. ते तसेच ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यामुळे घाम कोंडतो व आत बुरशी धरते. दर तीन महिन्यांनी आम्ही उशाकडील बाजू पायथ्याकडे फिरवितो आणि वरून धुण्याजोगी सुती खोळ घालतो. जे पूर्णपणे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी मात्र कोणतीही साधी गादी पुरेशी नाही. टाचा, माकडहाड व कटी येथे जखमा पडू नयेत म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हवेची गादी वापरतात, आणि ती असली तरीही ठरलेल्या वेळी रुग्णाची कूस बदलावी लागते. ते काम गादी करीत नाही. माणसानेच करावयाचे असते.

आईच्या जुन्या गादीचे काय झाले, असे कोणी विचारील. ती पिंजाऱ्याकडे दिली. चाचांनी कापूस पिंजला, थोडा नवा घातला आणि नवी खोळ शिवून दिली. आता तीच आमच्या घरची पाहुण्यांची गादी आहे. गेल्या सणाला आमचा भाचा तीवर निजला आणि सकाळी म्हणाला, “मामा, काय झोप लागली!” आई तेव्हा अंगणात फुले वेचीत होती. ती अजूनही चौकटीला हात लावून उठते, वयाला औषध नाही. परंतु पहाटेची ती कड धरण्याची धडपड पुष्कळ कमी झाली आहे.

वाचकहो, गादी कोणती घ्यावी हे ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे. आमची विनंती एवढीच, की आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपली आई कशावर निजली आहे, हे एकदा हात लावून पाहावे. विचारून उपयोग नाही. ती “चांगली आहे” असेच म्हणेल.