यादीत नाव नव्हते, पण गोष्ट तिथे संपत नाही

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. त्यातला ‘रनिंग बॅक’ चेंडू छातीशी धरून समोरच्या धिप्पाड खेळाडूंमधून वाट काढत धावतो. एकाने पाडले नाही तर दुसरा पाडतो. उठायचे आणि पुन्हा धावायचे, हीच त्याची नोकरी.

दरवर्षी तिथले व्यावसायिक संघ कॉलेजांतून खेळाडू निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. २००९ मध्ये सात फेऱ्यांत २५६ नावे पुकारली गेली. टेनेसी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेल्या एरियन फॉस्टरचे नाव त्यात नव्हते.

ह्यूस्टन टेक्सन्सने त्याला ड्राफ्टबाहेरून घेतले आणि आधी सरावाच्या तुकडीत ठेवले. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, १२ सप्टेंबर २०१० रोजी, तो कोल्ट्सविरुद्ध २३१ यार्ड धावला. हंगामाअखेर त्याच्या नावावर १,६१६ यार्ड होते, लीगमध्ये सर्वांत जास्त. टचडाउन केल्यावर तो हात जोडून, वाकून नमस्कार करायचा.

आम्हा शिक्षकांना ही गोष्ट इथेच थांबवायचा मोह होतो. यादीत नाव नसलेल्या मुलाला उमेद द्यायला ती पुरेशी वाटते. पण उरलेली अर्धी गोष्ट लपवणे मुलांशी प्रामाणिकपणाचे नाही.

२०१० ते २०१२ या तीन हंगामांत फॉस्टर चेंडू घेऊन साडेनऊशेपेक्षा जास्त वेळा धावला. २०१२ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी ४ कोटी ३५ लाख डॉलरचा करार मिळाला. अशा करारात कागदावरची सगळी रक्कम हातात पडेलच असे नसते. २०१३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया झाली. २०१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि १,२४६ यार्ड धावला. २०१५ मध्ये आधी जांघेची शस्त्रक्रिया झाली, मग ऑक्टोबरात मायामीतल्या सामन्यात टाचेची मोठी शीर तुटली. करार संपण्याआधीच, मार्च २०१६ मध्ये, संघाने त्याला मोकळे केले. मायामीच्या संघाने घेतले, पण दुखणी सुटली नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये, हंगाम चालू असतानाच, त्याने निवृत्ती जाहीर केली. वय अवघे तीस.

धावलेला प्रत्येक यार्ड मोजला जातो. त्यासाठी अंगावर किती धडका घेतल्या, याचा हिशेब मात्र शरीरच ठेवते. ज्यांनी आधी त्याला यादीत घेतले नाही ते चुकले, हे खरे. पण ज्यांनी नंतर घेतले, त्यांचा व्यवहारही त्याच्या पायांशीच होता. पाय थकले आणि व्यवहार संपला.

माझ्या वर्गातही खेळाच्या जोरावर पुढे जाऊ पाहणारी मुले आहेत. धावू नका, असे मी त्यांना सांगणार नाही. जिद्दीने धावा. पण ज्या दिवशी शरीर नाही म्हणेल, त्या दिवसासाठीही काही शिकून ठेवा. आणि त्या दिवशी थांबलात, तर ती हार समजू नका. फॉस्टर थांबला तेव्हा त्याच्या नावावर ६,५२७ यार्ड होते. ते पुसायला कुणी आले नाही.

मुलाचे नाव यादीत नाही म्हणून त्याला कमी लेखू नये, एवढे आपण आता बोलू लागलो आहोत. दुखापतीने नाव यादीतून निघाले, तरी माणसाची किंमत तीच राहते, हेही घराघरांत बोलले गेले पाहिजे.