निळे फूल

मी कॉर्नफ्लॉवरचे बी आणले तेव्हा घरात घोळच झाला. "सूपमध्ये घालायचं पीठ पेरतेस कशाला?" आईने विचारले. "ते कॉर्नफ्लोअर. हे फूल आहे!" मी ठणकावले. युरोपात हे गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवते, हे मात्र सांगितले नाही. तण विकत आणले म्हणून आजोबा हसले असते.

आमच्या नाशिकला मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणत. त्या नावाला शोभेल अशी बाग काही आमची नाही. मागच्या अंगणात आजोबांचा एक वाफा, त्यात झेंडू आणि शेवंती. मोतीबिंदूमुळे दोन वर्षे त्यांना नीट दिसत नव्हते. ऑपरेशनचे नाव काढले की म्हणत, "आता काय बघायचं राहिलंय?" मी रोज भुणभुण लावी, ते रोज गप्प बसत.

ऑक्टोबरच्या उन्हात पेरलेले बी उगवलेच नाही. मी एक दिवसाआड माती उकरून पाही. आजोबा काठी टेकत आले. "अगं, उकरून का कुठे बी उगवतं? थंडी पडू दे."

दिवाळीनंतर गारवा आला. उरलेले बी अर्धा इंच खोल पेरून मातीने झाकले. त्याला उगवायला अंधार लागतो. सोटमूळ दुखावते म्हणून रोपे हलवली नाहीत, नुसती विरळणी केली. खतही घातले नाही. खताने पाला माजतो, फुले कमी येतात. दहाव्या दिवशी हिरवी टोके दिसली. आजोबांमागची भुणभुणही मी त्याच सुमारास सोडली.

फेब्रुवारीत पहिले फूल उमलले, गर्द निळे. ते मी आजोबांच्या हातात दिले. त्यांनी डोळ्यांजवळ नेले. "छान आहे. राखी रंगाचं ना?"

मोतीबिंदूने भिंग पिवळसर होते आणि ते निळा रंगच अडवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. "निळं आहे, आजोबा," एवढेच मी म्हणाले. ते बराच वेळ फूल बोटांत फिरवत राहिले. चार दिवसांनी आपणहून म्हणाले, "डॉक्टरांकडे कधी जायचं?"

मार्चमध्ये ऑपरेशन झाले. तोवर उन्हाने झाडे करपत आली होती. दोन-तीनच फुले उरली होती. आजोबा वाफ्यापाशी उभे राहिले. "एवढं निळं!" म्हणाले आणि गप्प झाले. चित्रकार मोने यांनी १९२३ साली असेच ऑपरेशन झाल्यावर जग फार निळे दिसते अशी तक्रार केली होती. आजोबांची काही तक्रार नव्हती.

वाळलेल्या फुलांतले बी आता पुडीत बांधून ठेवले आहे. पुडीवर आजोबांच्या हातचे अक्षर आहे : 'थंडी पडल्यावर पेरणे. उकरू नये.'