नदी पाहावयाची की नौका?

वाचकहो, दोन वर्षांपूर्वी आमचे वडील गेले, तेव्हा त्यांच्या कपाटात पोस्टाची काही बचतपत्रे निघाली. ज्या पाकिटात ती ठेवलेली होती, त्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले होते : ‘हिच्या परदेशप्रवासासाठी.’ नोकरीतील बदल्यांपायी आईने भोपाळ, रायपूर, दिल्ली असा संसार जन्मभर हलविला. तिला हौसेचा असा एक तरी प्रवास घडवावा, ही त्यांची इच्छा होती. ती पुरी करण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. माझ्या पगारातील शिल्लक मिळविली, तरी रक्कम एकाच प्रवासापुरती आहे. आईचे वय अडुसष्ट आहे आणि तिचे गुडघे कुरकुरू लागले आहेत. तेव्हा निवड चुकली, तर ती दुरुस्त करण्याची संधी पुन्हा मिळावयाची नाही.

अशा स्थितीत आमच्या शेजारच्या काकूंनी आईच्या हाती एक रंगीत पुस्तिका ठेवली. काका-काकू मूळचे इंदूरचे. गेल्या वर्षी त्यांनी इटलीमध्ये नौकेतून आठ दिवसांचा प्रवास केला आणि तेव्हापासून त्या प्रवासाचे वर्णन करताना त्यांना थकवा म्हणून येत नाही. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘पो नदीतून प्रवास’ असे छापले होते. ते वाचताच आईचा चेहरा उजळला. त्याला कारणही तसेच होते.

आईचे मामा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. वाईजवळच्या गावी, कृष्णेच्या काठी, सुट्टीत जमलेल्या भाचरांना ते आपल्या लढाईची हकीकत सांगत. त्या हकीकतीत डोंगर थोडे आणि नद्या फार असत. शत्रू प्रत्येक नदीच्या पैलतीरी मोर्चे बांधून बसलेला असे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना नदीच्या पाण्यातून सुखरूप मागे आणले, शत्रूची ठाणी बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्याच महिन्याच्या अखेरीस आठव्या भारतीय डिव्हिजनने पो ओलांडली, आणि २ मे रोजी इटलीतील युद्ध संपले. ‘पो ओलांडली आणि घर दिसू लागले,’ असे मामा म्हणत. ती नदी एकदा डोळ्यांनी पाहावी, असे आईच्या मनात लहानपणापासून होते.

परंतु भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. मजकूर कितीही रम्य असो, त्यातील शब्द बरोबर आहे की नाही, हे तपासल्यावाचून त्याला चैन पडत नाही. त्या रात्री मी पुस्तिकेतील नकाशा उघडला आणि पेन्सिल घेऊन नौकेचा एकेका दिवसाचा मुक्काम लिहून काढला. सातांपैकी चार रात्री नौका व्हेनिसलाच बांधलेली होती. उरलेल्या दिवसांत ती व्हेनिसभोवतीच्या उथळ पाण्यातून किओज्जा या मच्छीमारांच्या गावी आणि पुढे पोच्या काठच्या पोलेझेल्ला या लहानशा गावापर्यंत जाऊन परत फिरत होती. पादुआ, व्हेरोना, बोलोन्या ही शहरे दाखविली जाणार होती ती बसमधून. व्हेनिसभोवतीचे ते पाणी म्हणजे नदी नव्हे. वाळूच्या दांड्यांनी समुद्रापासून अलग झालेल्या अशा खाऱ्या जलाशयाला आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘खारकच्छ’ म्हणतात. पुस्तिकेत मात्र सर्वत्र ‘नदी’ हाच शब्द होता.

यात केवळ जाहिरातीचीच चलाखी आहे, असे समजू नये. काही दोष त्या नदीच्या स्वभावाकडेही जातो. पो ही इटलीतील सर्वांत मोठी नदी. मोन्व्हिझो पर्वतापाशी उगम पावून, तूरीनजवळून वाहत ती सुमारे ६५० किलोमीटरांनी एड्रिॲटिक समुद्राला मिळते. तिचे पात्र रुंद असले तरी गाळाने भरलेले आहे, वाळूचे दांडे जागा बदलतात आणि पाण्याची पातळी पावसावर व आल्प्समधील बर्फावर अवलंबून असते. नोव्हेंबर १९५१ मध्ये याच नदीने बांध फोडून पोलेझिने हा प्रदेश बुडविला आणि लाखाहून अधिक माणसे बेघर केली. उलट २०२२ च्या उन्हाळ्यात ती सत्तर वर्षांत झाली नव्हती इतकी आटली. उत्तरेकडील पाच प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली आणि महायुद्धात बुडालेला एक मोठा पडाव वाळूत उघडा पडला. अशा नदीत वेळापत्रक पाळून नौका चालविणे सोपे नाही. ऱ्हाइन किंवा डॅन्यूब नदीवरच्या नौकेप्रमाणे रोज सकाळी नव्या शहरात जाग यावी, ही अपेक्षा येथे पुरी होत नाही. शिवाय रोमची टायबर आणि फ्लॉरेन्सची आर्नो या नद्यांतून अशा मुक्कामी नौका जात नाहीत. ती शहरे पाहावयाची तर आगगाडी हाच मार्ग.

मग हा प्रवास वाईट म्हणावयाचा काय? मुळीच नाही. हा प्रश्न मी काकूंनाच विचारला. गेल्या वर्षीच त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्या म्हणाल्या, “अगं, आम्हांला रोज घर बदलायचं नव्हतं, नुसता देखावा बदलायला हवा होता.” त्यांचे म्हणणे मला पटले. पहिल्या दिवशी पेटी उघडावी ती शेवटच्या दिवशीच बंद करावी, भोजन त्याच टेबलावर मिळावे, थकवा आला तर सहल सोडून खोलीत आडवे व्हावे आणि खिडकीतून खारकच्छावरील सूर्यास्त पाहावा, हे सुख लहान नाही. प्रवासीही शंभर-दीडशेच असतात, त्यामुळे ओळखी होतात. दिवसाचे पाहुणे परत गेल्यावर संध्याकाळी निवांत होणारे व्हेनिस पाहावयास मिळते. ज्यांना मुख्यतः व्हेनिस पाहावयाचे आहे, ज्यांच्याने रोज सामान उचलवत नाही आणि ज्यांना संथ गतीच आवडते, त्यांनी हा प्रवास खुशाल करावा.

मात्र पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न स्पष्ट विचारून घ्यावेत. किती तास नौका खरोखर चालते आणि किती रात्री बांधलेली असते? पाणी कमी किंवा जास्त झाले, तर पर्यायी व्यवस्था काय? सहली, पेये आणि सेवकांची बक्षिशी भाड्यात धरली आहे काय? नौकेवर लिफ्ट आहे काय, आणि ती सर्व मजल्यांवर जाते काय? धक्क्यापासून पुढे किती चालावे लागते? व्हेनिसमध्ये सुमारे चारशे पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. नौका तेथे नेते, पायऱ्या आपल्यालाच चढाव्या लागतात.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी थोडी चौकशी करावी. उत्तर इटली हा भाताचा आणि मक्याचा प्रदेश. तेथील ‘रिसोत्तो’ हा मऊ भात आपल्याला आवडेल, पण तो पुष्कळदा मांसाच्या रसात शिजवितात. प्रसिद्ध पार्मेझान चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. हे ऐकून आईने चीजला तेथल्या तेथे रजा दिली. प्रवेशपत्राचेही आधी पाहावे. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. शेवटच्या आठवड्यासाठी काही ठेवू नये.

ही सारी टिपणे मी एका रविवारी आईपुढे मांडली. वडिलांच्या पाकिटाचा प्रश्न असल्यामुळे माझे मन द्विधा झाले होते. नौकेत तिच्या गुडघ्यांना आराम होता. नदी मात्र ओझरतीच दिसणार होती. मी म्हणाले, “आई, तुला त्रास होऊ नये म्हणून नौकाच बरी, असं मला वाटतं.”

आई थोडा वेळ नकाशाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “आगगाडी ही नदी कुठं ओलांडते?”

पादुआहून बोलोन्याकडे जाणारा लोहमार्ग फेरारा या शहराच्या थोडे अलीकडे पो ओलांडतो. मी बोट ठेवून दाखविले. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, “मग एवढं खर्चून दुसऱ्यांची हौस मी कशाला करू? मला तिथं घेऊन चल. बाकीचं जमेल तेवढं बघू.”

त्या एका वाक्याने माझी आठवड्याची आकडेमोड निकालात निघाली. आता आमचा बेत ठरला आहे. येत्या एप्रिलमध्ये पादुआ येथे लिफ्ट असलेल्या साध्या हॉटेलात आठ रात्री मुक्काम करावयाचा. तेथून व्हेनिस आगगाडीने अर्ध्या तासावर आहे. तिकडे दोनदा जावयाचे, पण दोन दिवस लागोपाठ नाही. एक दिवस ब्रेंता कालव्यातून जाणाऱ्या दिवसाच्या नौकेसाठी. जुन्या काळी व्हेनिसचे उमराव याच मार्गाने काठच्या प्रासादांकडे जात. मार्गात पाच जलपाश आहेत. दरवाजे बंद करून पाण्याची पातळी उतरविली की नौकाही हळूहळू खाली येते. काकूंना मिळालेल्या सुखाचा तेवढा वाटा आईलाही मिळेल. आणि एक दिवस फेराराचा. शहर सपाट आहे. तेथून मोटार करून पोच्या बांधापर्यंत जावयाचे आणि तेथे घाई न करता बसावयाचे. अंगात त्राण असले, तर फोर्ली येथील भारतीय सैनिकांच्या स्मारकालाही एक दिवस द्यावयाचा. मधले दिवस गुडघ्यांसाठी राखून ठेवले आहेत.

या बेतात गैरसोयी आहेत, हे मी लपवीत नाही. स्टेशनांवर चालावे लागेल, जेवण रोज शोधावे लागेल आणि एखादी गाडी चुकेल. काकूंनी तर ‘फार दगदग होईल हो’ असे आईला बजावूनही ठेवले आहे. त्यांच्या दृष्टीने त्यांचे खरे आहे.

म्हणून वाचकहो, अशी पुस्तिका आपल्या घरी आली, तर किंमत पाहण्याआधी ज्याच्यासाठी प्रवास योजावयाचा, त्याला आपल्याला काय पाहावयाचे आहे, हे एकदा विचारावे. मी ते अगदी शेवटी विचारले, आणि तेही आईनेच मला विचारावयास लावले. उत्तर ‘आराम आणि व्हेनिस’ असे आले, तर नौका उत्तम. उत्तर दुसरे आले, तर त्याप्रमाणे वाट शोधावी. ती बहुधा सापडते.

परवा आई कपाट आवरीत होती. वडिलांचे ते पाकीट तिने पारपत्राशेजारी ठेवले आणि सहज म्हणाली, “मामांनी ती नदी लढाईच्या धामधुमीत ओलांडली. नीट पाहिलीसुद्धा नसेल. मी काठावर बसून त्यांच्या वाटचीही बघून घेईन.”