द्वारका उर्फ मालती

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या घरी नात जन्मली आणि तिच्या नावावरून घरात दोन तट पडले. असे तट बहुतेक घरांत पडतात. परंतु ज्या रीतीने ते पडावेत अशी अपेक्षा असते, त्याच्या नेमके उलट आमच्याकडे घडले. जुन्या वळणाचे नाव सुचविले ते सूनबाईने आणि त्याला विरोध केला तो आम्हां दोघा वृद्धांनी. नाव होते द्वारका. माझ्या आईचे माहेरचे नाव.

सौ.चा विरोध सरळ होता. "अगं, वर्गात एकीकडे आर्या, मायरा, कियारा आणि मधेच ही द्वारका! पोरं चिडवून बेजार करतील," ती सूनबाईला म्हणाली. शेजारच्या बेननी तर ऐकताक्षणी विचारले, "द्वारका? ए तो जात्रानुं गाम ने?" त्या सहज बोलल्या, पण गुजरातेत राहून मुलीचे नाव द्वारका ठेवायचे म्हणजे तिने जन्मभर प्रत्येकाला खुलासा देत बसायचे, हे त्या एका प्रश्नाने दाखवून दिले.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. हक्कपत्रकातील वारसांच्या नोंदी तपासताना स्त्रियांची हजारो नावे नजरेखालून गेली. नाव वाचले की वयाचा अंदाज बांधता येऊ लागला. गंगा, यमुना, भागीरथी, काशी, मथुरा, द्वारका ही नद्यांची आणि तीर्थांची पिढी. तिच्या मागोमाग मालती, कुसुम, सुमन, शालिनी ही फुलांची आणि पुस्तकांची. मग सुनंदा, मंगला. मग वैशाली, मनीषा, स्वाती. प्रत्येक पिढीने आपल्या आईचे नाव जुनाट ठरविले आणि पणजीचे नाव मात्र तिला गोड वाटू लागले. आज रमा, उमा, मीरा, राधा, अहिल्या पुन्हा पाळण्यात दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे. आईच्या नावाला घरातल्या रोजच्या कटकटीचा वास असतो. पणजीच्या नावाला तो राहत नाही.

परंतु जुने म्हणून सारेच परत आणण्याजोगे नसते, हेही त्याच दप्तरात शिकलो. धोंडी, चिंधी ही नावे मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून ठेवीत. त्यामागे निदान माया तरी होती. नकुसा या नावामागे तीही नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते वृत्त वाचले तेव्हा मनात आले की, नाव जुने की नवे हा प्रश्न मागाहून येतो. ते कोणी, कोणत्या भावनेने दिले, हा पहिला.

आईचे द्वारका हे नाव १९५३ साली विवाहसमयी गेले. आमच्या वडिलांना कादंबऱ्या वाचण्याचा नाद. द्वारका हे नाव त्यांना फार जुनाट वाटले. ताटातील तांदळांवर अंगठीने त्यांनी 'मालती' अशी अक्षरे काढली आणि एकोणीस वर्षांची द्वारका संपली. म्हणजे आज आमच्या घरात जो वाद झाला, तो सत्तर वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी एका क्षणात निकालात काढला होता. गंमत अशी की, त्या वेळी नव्या चालीचे म्हणून घेतलेले मालती हे नाव आज कोणी मुलीला ठेवताना दिसत नाही.

तेव्हा या गोष्टीत कोणालाच काही वावगे वाटत नसे. रावपुऱ्यातील चिमणाबाई टॉवरखालून मी शाळेत जात असे. १८९६ साली उभारलेला तो मनोरा श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नीच्या स्मरणार्थ आहे. त्या मूळच्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. बडोद्यास येऊन चिमणाबाई झाल्या. १८८५ साली त्यांचे निधन झाले. महाराजांच्या द्वितीय पत्नी देवासच्या गजराबाई. त्याही बडोद्यास येऊन चिमणाबाईच झाल्या. स्वतः महाराज कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली दत्तक आले आणि सयाजीराव झाले. मात्र त्यांना नावासोबत राज्य मिळाले. डॉक्टर आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघी माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली ज्यांचा पुनर्विवाह झाला, त्या गोदूबाईही आनंदीबाई झाल्या. अशा किती नद्या विवाहमंडपात लुप्त झाल्या असतील!

आईचे पूर्वीचे नाव मला ठाऊक होते, परंतु केवळ माहिती म्हणून. मामा तिला ताई म्हणत, वडील 'अगं' म्हणत. ते नाव उच्चारलेले मी कधी ऐकले नव्हते. १९९५ साली मामा वारले आणि नवसारीच्या त्यांच्या घरावर वारसांची नोंद करण्याचा प्रसंग आला, तेव्हा ते प्रथम ऐकले, आणि तेही एका कारकुनाच्या तोंडून. आजोबांच्या वेळच्या कागदांत कन्या म्हणून द्वारका होती. समोर उभी होती ती मालती. "दोघी एकच कशावरून?" त्याने विचारले. तो चुकत नव्हता. मी स्वतः त्या वेळी नायब मामलतदार होतो आणि हाच प्रश्न कितीतरी बायांना विचारला होता. 'द्वारका उर्फ मालती ही एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र आणा, असे सांगून त्यांना परत पाठविले होते. त्यांतील एखादी बाई गोंधळून गप्प उभी राहिली, तर मला तिच्या अज्ञानाची कीव येई. त्या दिवशी माझी आई तशीच गप्प उभी होती.

सातवीपर्यंतच्या शाळेच्या नोंदवहीतून उतारा मिळविला. प्रतिज्ञापत्र टंकलिखित झाले. त्यावर दोन्ही नावांनी सही हवी होती. 'मालती' तिने झटकन लिहिले. मग लेखणी थांबली. पहिल्यांदा लिहायला बसलेल्या मुलीसारखे एकेक वळण घेत तिने 'द्वारका' लिहिले, कागद जरा दूर धरून पाहिला आणि म्हणाली, "बेचाळीस वर्षांनी लिहिलं. 'द्वा' जमतंय अजून." एवढेच. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती. नाव गेल्याचे तुला वाईट वाटले होते का, हे मला विचारता आले असते. मी विचारले नाही. २००९ साली ती गेली, तेव्हा तिच्या मृत्यूच्या नोंदीत मालती एवढेच नाव मी सांगितले.

त्या प्रतिज्ञापत्राची प्रत सूनबाईला जुन्या फायलीत सापडली आणि तिच्या मनाने घेतले. "आजीचं नाव तिला परत मिळेल, बाबा," ती म्हणाली. तिचा हेतू निर्मळ होता. माझी अडचण मात्र मला नीट सांगता येईना. एखादीकडून काढून घेतलेली वस्तू तिच्या पणतीला देऊन ती परत केल्यासारखे होते काय? आणि आमच्या अपराधाची परतफेड त्या तान्ह्या जिवाने का करावी? मी कायद्याचा आधार घेतला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो की, जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. "घाई कशाला?" मी म्हटले. मुलाने लगेच उत्तर दिले, "बाबा, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्माचाच दाखला लागतो. एकदाच विचार करू, पण नीट करू."

त्या रात्री सौ. अचानक म्हणाली, "माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं होतं?" मी दचकलो. १९८६ साली ताटातील तांदळांवर अंगठी फिरविणारा हात माझाच होता. आत्याबाईंनी नाव सुचविले, मी लिहिले. सारे हसले, तीही हसली. "राग नव्हता," ती पुढे म्हणाली, "पण माहेरी कुणी जुन्या नावानं हाक मारली की अजून मी आधी वळते आणि मग लाजते." बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. मग तिनेच निवाडा दिला, "ठेवू दे तिला द्वारका. पण त्या पोरीला सांगा, मोठी झाल्यावर आवडलं नाही तर तिचं तिनं बदलावं. दुसऱ्या कुणी नाही."

बारसे दांडिया बाजारातील घरीच झाले. माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, कानात कुर्र करून नाव सांगितले. जमलेल्यांत क्षणभर कुजबुज झाली. एका वृद्ध नातलग बाईंनी पदराने डोळे टिपले. त्यांच्या माहेरच्या नावाची चौकशी करण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यानंतर काही महिने लोटले. हे नाव आजच्या मुलीला शोभते का, असे आता कोणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच उरलेला नाही. प्रथम काही दिवस 'द्वारका' अशी हाक ऐकली की मला आई आणि तो कागद आठवे. शेजारच्या बेन आता कुंपणावरून "द्वारका शुं करे छे?" असे रोज विचारतात आणि माझ्या डोळ्यांसमोर पालथी पडून मान वर करणारी नात येते, आई येत नाही. नाव तिचे झाले, म्हणजे ते दुसऱ्यांदा आईकडून गेले. याचे थोडे दुःख आहे.

जन्माचा दाखला मी स्वतः जाऊन आणला. जुन्या सवयीने प्रत्येक रकाना तपासला. नावाच्या रकान्यात द्वारका. 'उर्फ' कोठेही नाही.