कुणाचा रं तू?

मागच्या शनिवारी नांदेडहून गाडीने उमरीला गेलो. स्टेशनबाहेर बाकावरच्या एका आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, "कुणाचा रं तू?" माझ्या नावाने काही फरक पडला नाही. बाबांचं नाव सांगितलं, तेव्हा चेहरा खुलला. लगेच चहा!

मंडळी, लिनक्सचं कर्नल तरी दुसरं काय करतं? यूएसबीला काही जोडलं की पाहुणा आधी शून्य पत्त्यावर असतो. मग त्याला १ ते १२७ मधला पत्ता मिळतो. पुढचा प्रश्न: कंपनी कोणती, वस्तू कोणती? हे आकडे ज्या ड्रायव्हरच्या यादीत जुळतात, त्याचं 'प्रोब' फंक्शन धावत येतं. नाही जुळले, तर पाहुणा ओसरीवरच.

माझ्या पहिल्या ड्रायव्हरचं प्रोब झकास होतं. पण केबल उपटली की मशीन कोसळायचं. डिव्हाइस गेलेलं, मेमरी सोडून दिलेली, आणि माझा टायमर तिथेच हाका मारत बसलेला. 'डिस्कनेक्ट'मध्ये आधी टायमर थांबवायचा असतो, हे मला तीन रात्री जागून कळलं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. रविवारी दहा वाजले की बोट अजून त्यांच्या नंबरवर जातं.

पण कर्नलचा आणखी एक नियम आहे. डिव्हाइस उपटलं तरी, कुणीतरी त्याचा संदर्भ धरून आहे तोवर त्याची नोंद पुसायची नाही.

उमरीच्या त्या बाकावर एक संदर्भ अजून शिल्लक आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन म्हणतो.