टवका

आत्याने रुमालाची गाठ सोडली. आत साखरेच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा होता.

"अरे, तू केलेल्या दाताचा आहे. पेरू जरा कडक होता. माझंच चुकलं."

बोलताना तिचा डावा हात ओठांवर गेला. पुढचा दात मोडल्यापासून तिला ही सवय लागली होती. ती जावी म्हणून तर मी त्या दाताची कॅप स्वतःच्या हाताने केली होती. डेंटल लॅबमधलं माझं ते १९वं वर्ष.

कॅप दोन थरांची होती. आत झिर्कोनिया. खडूसारखा मऊ असताना तो मशीनवर कोरायचा, साधारण पाचव्या हिश्शाने मोठा, कारण १४५०-१५०० अंशांवर भाजला की तो आक्रसतो. मग त्याची ताकद १००० मेगापास्कलच्या घरात जाते. पण दिसतो मात्र पांढऱ्या बटणासारखा. दाताला जिवंतपणा येतो तो वरच्या काचेमुळे. पाण्यात कालवलेली पोर्सलीनची पाउडर ब्रशने थरावर थर चढवायची. मुळाशी थोडी पिवळसर छटा, कडेला निळसर पारदर्शकता. मग निर्वात भट्टीत भाजायचं. या काचेची ताकद मात्र जेमतेम १०० मेगापास्कल.

हे लग्न टिकतं ते आकुंचनाच्या हिशेबावर. थंड होताना काच आतल्या गाभ्यापेक्षा किंचित कमी आक्रसली पाहिजे. म्हणजे गाभा तिला आवळून धरतो, आणि दाबाखाली असलेल्या काचेत तडा सहजी पुढे जात नाही. धातूवर पोर्सलीन चढवण्याचं अमेरिकी पेटंट १९६२ साली निघालं, त्यातही हाच हिशेब होता. धातू जास्त आक्रसतो, त्याला जुळावं म्हणून पोर्सलीनमध्ये ल्यूसाइटचं प्रमाण सांभाळलं होतं.

झिर्कोनियाची अडचण आणखी वेगळी. धातू उष्णता पटकन सोडतो, झिर्कोनिया धरून ठेवतो. भट्टी घाईने उघडली तर काचेचा बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला अजून तापलेलाच. तोही मग आक्रसायला बघतो, पण बाहेरच्याने जागा अडवलेली असते. आतमध्ये ताण साठून राहतो. डोळ्यांना काही दिसत नाही. दात सुंदर चकाकतो. पुढे एखाद्या दिवशी चावताना पृष्ठभागावरचा बारीकसा तडा त्या ताणापर्यंत पोहोचतो आणि टवका उडतो. गाभा शाबूत, काच गेलेली.

मला हे सगळं ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी आत्याच्या नातीचं लग्न होतं, शेवटचं भाजणं रात्री साडेनऊला संपलं, आणि कॅप डॉक्टरांकडे पोचवायची होती. काच अजून पुरती घट्ट झालेली नसताना मी दार उघडलं.

लग्नाच्या फोटोंत आत्या तोंडभर हसली आहे. हात खाली, पदराशी. टवका उडाला तो पाचव्या महिन्यात.

"आत्या, पेरूचं काही नाही. मी भट्टी लवकर उघडली होती."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घाई मीच केली होती ना?"

घाई तिने केली होती, दार मी उघडलं होतं. मी तिला तसं सांगितलं. झिर्कोनिया काढायचा म्हणजे हिऱ्याच्या बरने कापावा लागतो. खुर्चीत ती डोळे मिटून बसली होती. माझी चूक तिच्या तोंडात कापली जात होती, तो आवाज मी शेजारी उभा राहून ऐकला.

दुसऱ्या कॅपच्या वेळी गाभ्यालाच दाताचा आकार दिला, म्हणजे वरची काच सगळीकडे सारखी पातळ बसेल. भट्टी ५०० अंशांखाली येईपर्यंत दाराला हात लावला नाही. स्टुलावर बसून आकडे उतरताना बघत राहिलो.

त्याला आता सहा वर्षं झाली. आमच्याकडे हल्ली बहुतेक कॅप अख्ख्या झिर्कोनियाच्या निघतात, काच चढवायचं काम क्वचितच येतं. ते आलं की नव्या मुलांना मी तो टवका दाखवतो. काचेच्या बाटलीत ठेवलाय. कोणाच्या दाताचा, तेही सांगतो.